आत्तीच्या कोंबड्या

सहावी कोंबडी मेली त्या दिवशी आत्तीनं भाताची ताटली उडवली.

सकाळी खुराड्याचं दार उघडलं. सगळ्या बाहेर आल्या आणि एक कोपऱ्यात तशीच बसून राहिली. हात घालून ओढली तर ताठ झालेली. पायाला धरून उचलली तर हाताला वजनच लागेना, वाळलेला दोडका उचलावा तशी आली. छातीचं हाड चामडीखालून विळ्यासारखं वर आलं होतं. तिला पुरायला खोरं घेऊन घरामागच्या परड्यात निघाले, ते सोप्यातल्या बाजेवरनं आत्तीनं बघितलं.

आत्ती म्हणजे माझी सासू. आमच्या आजरा भागात बऱ्याच घरांत सासूला आत्तीच म्हणतात. नाव बनाबाई. वैशाखात तिला अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तेव्हापासून ती सोप्यात बाजेवर असायची. उशीला टेकून बसवलं की तिला समोरचं अंगण आणि डावीकडं स्वैपाकघरातनं पलीकडचं परडं दिसायचं.

"भात," ती म्हणाली.

"आत्ती, मेली बघा अजून एक."

"भात. अगं... भात." डावा हात उचलून ती आतल्या बाजूला दाखवायला लागली.

महिनाभर ती हेच म्हणत होती. डॉक्टरांनी साखर जास्त आहे म्हणून भात जवळजवळ बंद केला होता. नाचणीची भाकरी दुधात कुस्करून द्या, भात चमचाभरच, तोही आठवड्यातनं एकदा, असं त्यांनी बजावलं होतं. आमच्या घरात घनसाळ तांदूळ पिकायचा. तो शिजला की वास गल्लीभर जायचा, आणि जिनं जन्मभर तो लावला, कापला, कांडला तिला मी भाकरी भरवत होते. त्या दिवशी मला वाटलं, जाऊ दे साखर. म्हातारीला दोन घास तरी सुखाचे मिळू देत. कोंबडी पुरून आले, हातपाय धुतले, मूठभर घनसाळ शिजवला, वर तुपाचा थेंब सोडला आणि ताटली तिच्यापुढं धरली.

"घ्या. डॉक्टरांस्नी सांगू नका म्हंजे झालं."

तिनं ताटलीकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मग डावा हात असा मारला की ताटली सोप्याच्या कडेला जाऊन आपटली आणि शितं अंगणापर्यंत पसरली. कोंबड्या धावत आल्या आणि वेचायला लागल्या.

"नाही!" ती ओरडली. तिला बरोबर येणाऱ्या शब्दांपैकी तो एक होता. "नाही, नाही, भात!"

माझा तोल गेला. "भात भात म्हणता, दिला तर फेकून देता! काय करू मी? सांगा की, काय करू?"

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. तिच्या उजव्या डोळ्यातनं तसंही पाणी गळत असायचं, त्यामुळं ती रडतेय की काय ते कळायचं नाही.

या गोष्टीला आता एकोणीस वर्षं झाली. तेव्हा माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. आमचे हे इचलकरंजीला मागावर कामाला होते, आठवड्यातनं एक दिवस घरी यायचे. घरात आत्ती आणि मी. आत्ती धडधाकट होती तेव्हा आम्हा दोघींत फार बोलणं नव्हतं. ती वाईट नव्हती, पण तिचं सगळं बोलणं कोंबड्यांशी चालायचं. सतरा कोंबड्या आणि एक कोंबडा. तुरेवाली, कवडी, लंगडी, सगळ्यांना नावं. संध्याकाळी ती परड्यात उभी राहून नुसतं "या गं बायांनो" म्हणायची आणि सगळ्या रांगेनं खुराड्यात जायच्या. माझ्या हाकेला एकसुद्धा यायची नाही. मला काठी घेऊन मागं पळावं लागायचं.

झटक्यानंतर तिच्या तोंडात शब्द यायचे, पण भलतेच. पाणी हवं असलं की "चूल" म्हणायची. ह्यांना "दादा" म्हणायची, तो तिचा मेलेला भाऊ. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की अशा माणसाच्या डोक्यात एक असतं आणि तोंडातनं दुसरंच येतं, तुम्ही शब्दाकडं बघू नका, हात कुठं दाखवतोय ते बघा. आम्ही तसंच करायला लागलो. 'चूल' म्हणाली की तांब्या पुढं करायचा. पण 'भात' म्हणताना तिचा हात स्वैपाकघराकडं जायचा. स्वैपाकघराच्या पलीकडं परडं आहे, हे माझ्या लक्षात असूनही नसल्यासारखंच होतं.

कोंबड्या वाळायला लागल्या त्या गणपतीच्या आसपास. खायच्या तर भरपूर, पण अंगाला लागेना. तुरे पांढरट पडले, पंख ओघळले, अंडी बंद झाली. शेजारच्या शेवंताकाकी बघायला आल्या.

"जंत झाल्यात गं पद्मल," त्या म्हणाल्या. "लसूण ठेचून पाण्यात घाल. आमच्या आईनं हेच केलं."

पंधरा दिवस लसूण घातला. खुराड्यात शिरलं की लसणाचा वास यायचा, पण कोंबड्यांत फरक पडला नाही. दोन गेल्या.

मग मी जनावरांच्या दवाखान्यात गेले. वडापाच्या जीपनं तासभर लागायचा. दार उघडं होतं, पण डॉक्टर नव्हते. लाळ्या-खुरकताची लस टोचायला सगळे गावोगाव गेलेत, आठवडाभर येणार नाहीत, असं तिथल्या झाडूवाल्या बाईंनी सांगितलं. परत यायचं म्हणजे आत्तीला पुन्हा शेवंताकाकींच्या हवाली करून यायचं. मी तशीच बाजारात शेतीच्या औषधांच्या दुकानात शिरले.

"कोंबड्यांचं जंताचं औषध द्या."

दुकानदारानं पुडी काढली. "पाण्यात घालून द्यायचं. आदल्या सांजेपासनं पाणी तोडायचं, सकाळी हेच ठेवायचं. झटक्यात पितात."

"सगळ्या जंतांवर चालतं का?"

"जंत म्हंजे जंत की हो, ताई. त्यात काय सगळे नि थोडे?"

त्यानं सांगितलं तसं केलं. दुसऱ्या दिवशी खुराड्यात शेवयांसारखे लांब पांढरे किडे पडलेले. मला किळस आली आणि आनंदही झाला. मी केरसुणीच्या टोकावर एक उचलून सोप्यात आणला आणि आत्तीला दाखवला.

"बघा आत्ती, पडले! औषध लागू पडलं."

तिनं वाकून बघितलं. मग मान हलवली, नाही नाही अशी. "भात," म्हणाली.

"भात नाही. डॉक्टर नको म्हणालेत."

"भात!"

"आत्ती, लहान लेकरासारखं करू नका."

हे असं मी बोलले. शब्द न् शब्द आठवतो.

आठ दिवस कोंबड्या जरा तरतरीत दिसल्या आणि पुन्हा तशाच. पुडी पुन्हा दिली. आता किडे पडलेच नाहीत, म्हणजे पोट साफ झालं असं मी धरलं. तरी चार दिवसांत आणखी तीन मेल्या. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "आई भात म्हणती ते कोंबड्यांस्नी घाल म्हणत असंल. आजारी हैत, त्यांस्नी ताकद नको?" मलाही पटलं. मी ज्वारी बंद करून तांदळाच्या कण्या शिजवून घालायला लागले. सोप्यासमोरच घालायचे, आत्तीला दिसावं म्हणून. तिनं ते बघितलं आणि डाव्या हाताचा तळवा आपल्या कपाळावर मारून घेतला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा मी हात धरला.

आणखी एक सांगायला पाहिजे. कोंबड्या सोप्यात यायच्या, बाजेखाली फिरायच्या, तिथंच घाण करायच्या. तेव्हा आत्ती बाजेवरनं खाली बोट दाखवायची आणि मोठमोठ्यांदा काहीतरी बोलायची. मला वाटायचं, सोपा घाण झाला म्हणून चिडली. पूर्वी ती फार टापटिपीची होती. मी "आले आले" म्हणत पळत जायचे आणि ओल्या फडक्यानं पुसून काढायचे. तिनं दाखवलं की मी पुसायचे, असं किती वेळा झालं असेल कोण जाणे.

ताटली उडवली त्या आठवड्यात हे घरी आले ते एक बाटली घेऊन. इचलकरंजीला त्यांच्याबरोबर मागावर असणाऱ्या एकाच्या घरी मेंढ्या होत्या.

"त्यांच्यात हेच देत्यात," हे म्हणाले. "मेंढरं टुणटुणीत हैत. एकदम जालीम हाय म्हणाला."

"कोंबडीला किती द्यायचं?"

"त्यानं काय कोंबड्यांस्नी दिलंय व्हय? मेंढीला टोपणभर. कोंबडीला त्याच्या... पाव टोपण दे."

"पाव जास्त होईल की हो."

"मरत्यातच न्हवं? मग कमी देऊन काय फायदा?"

मी कोंबडी धरली, ह्यांनी चोच उघडून औषध सोडलं. पहिली तुरेवाली, मग कवडी. बाकीच्या पळाल्या, हातात सापडेनात, म्हणून त्या दोघींवरच थांबलो. आत्ती सोप्यातनं बघत होती. ती "नाही नाही" करत होती, पण ती आता सगळ्यालाच नाही म्हणायची, म्हणून आम्ही तिकडं लक्ष दिलं नाही.

जेवणवेळेपर्यंत तुरेवालीची मान वळायला लागली. ती अंगणाच्या मधोमध गोल गोल फिरायला लागली, मग एका कुशीवर पडली आणि पाय झाडत राहिली. मी तिच्या चोचीत पाणी घातलं, ते तसंच बाहेर आलं. ती आत्तीच्या डोळ्यांसमोर मेली. कवडी परड्यात जाऊन मेली. हे बाटली घेऊन मागं गेले आणि उकिरड्यावर ओतायला लागले. मी ती त्यांच्या हातातनं काढून घेतली. का घेतली ते तेव्हा माहीत नव्हतं, पण नंतर तिचा उपयोग झाला.

"मी उद्याच्या पहाटेच्या गाडीनं जातो," हे म्हणाले. "मला हे बघवत न्हाई."

"मला बघवतंय होय?" मी विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून आत्तीनं तोंड उघडणं बंद केलं. बोलायलाही आणि खायलाही. भाकरीचा घास ओठांना लावला की ओठ घट्ट. दूध चमच्यानं घातलं की कडेनं बाहेर सोडायची. 'भात' म्हणणंसुद्धा तिनं थांबवलं. मी ताटली घेऊन बसायचे आणि ती माझ्या खांद्यावरनं पलीकडं बघत राहायची. तिसऱ्या दिवशी मी शेवंताकाकींना बोलावलं. त्या म्हणाल्या, "बनाबाई, असं करू नये. पोरगी किती करती तुझं." आत्तीनं त्यांच्याकडंही बघितलं नाही.

चौथ्या दिवशी खुराड्यात नववी मेली होती. ती मी पुरली नाही. खताच्या पिशवीत घातली, वर दुसरी पिशवी बांधली. औषधाची पुडी आणि बाटली कापडात गुंडाळून घेतली. शेवंताकाकींना आत्तीजवळ बसवलं.

"जनावरांच्या दवाखान्यात जाऊन येते," मी आत्तीला सांगितलं. "बाकीच्या तरी जगवून दाखवते."

तिनं डोळे मिटले.

जीपमध्ये माझ्याशेजारी कुणी बसेना. पिशवीचा वास यायला लागला होता. मी ती पायांत धरून बसले.

या वेळी डॉक्टर होते. तेरदाळे नावाचे, पन्नाशीचे, जाड चष्मा लावलेले. मी पिशवी टेबलावर ठेवली आणि सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी पुडी वाचली, बाटली वाचली.

"ही मेंढ्यांची आहे."

"होय."

"किती दिली?"

मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"त्या औषधानं मेल्या ना, साहेब? म्हणजे आम्हीच मारल्या?"

"पुढच्या वेळी आधी इथं या."

"आले होते. तुम्ही लशीला गेला होता."

त्यांनी हातमोजे घातले आणि म्हणाले, "मेलेली आणलीत ते बरं केलंत. बसा. बघवणार नसेल तर बाहेर बसा."

मी आतच बसले. त्यांनी कोंबडी उताणी केली, पोट उघडलं, आतडं बाहेर घेऊन कात्रीनं लांबीला कापलं आणि पाण्याच्या ट्रेमध्ये पसरलं. आत शेवयांसारखं काही नव्हतं. पांढऱ्या चपट्या फिती होत्या, नाडीसारख्या, गुंतागुंत झालेल्या. पाण्यात त्या हळूहळू हलायला लागल्या.

"हे बघा. तुम्ही दिलेली पुडी चांगली आहे, पण ती गोल जंतांची. ते पडले, तुम्ही बघितले. हे चपटे. यांना त्या पुडीनं काही होत नाही. उकिरड्यातले किडे, मुंग्या, गोगलगाई खाऊन होतात. कोंबडीला सहसा मारत नाहीत, पण इतके झाले तर तिच्या अंगात काय राहणार? यांचं औषध वेगळं."

"मला कसं कळणार साहेब कुठले आहेत ते? पोटातलं कसं दिसणार?"

"दिसतं की." त्यांनी चिमट्यानं फितीचं टोक उचललं. तिथनं एक बारीक तुकडा सुटला आणि पाण्यावर तरंगायला लागला. "याचे असे तुकडे पडतात. रोज. विष्ठेवर ताजे असताना वळवळतातसुद्धा. अगदी भातासारखे दिसतात. शिजल्या भाताचं शीत असतं ना, तसं. तेवढं बघून मला येऊन सांगितलं असतं तर ती फाडायची गरज नव्हती."

मी ट्रेमध्ये बघत होते. तुकडा तरंगत कडेला आला.

"घरात कुणाच्या नजरेला पडलं नाही का असं काही?" त्यांनी विचारलं.

"पडलं होतं," मी म्हणाले.

"मग?"

मी तोंडाला पदर लावला. त्यांना वाटलं असणार, वासानं मळमळतंय. त्यांनी मला बाहेर बाकावर बसवलं आणि पाणी दिलं.

मीसुद्धा ते बघितलं होतं. रोज खुराडं झाडताना घाणीत पांढरं दिसायचं. मला वाटायचं, कण्या पचल्या नाहीत. आणि ती बाजेवरनं बोट दाखवून सांगत होती, त्याचं नाव घेऊन सांगत होती, तेव्हा मी फडकं आणून पुसत होते.

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. गोळी कुत्र्यांसाठी मिळते, म्हणाले, पण कोंबडीलाही चालते, मात्र प्रत्येकीचं वजन करून तेवढाच तुकडा द्यायचा, अंदाज नको. पंधरा दिवसांनी पुन्हा. तोवर अंडी खायची नाहीत. उकिरड्याला कुडाचं कुंपण घाला, कोंबड्या तिकडं जाता कामा नयेत. मी ते दोनदा म्हणून दाखवलं. गोळ्या मिळायला तीन दुकानं फिरावी लागली.

घरी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. शेवंताकाकी म्हणाल्या, "काही घेतलं न्हाई बघ तिनं. पाणी तेवढं." मी त्यांना थांबायला सांगितलं नाही. त्या गेल्यावर मी बाजेपाशी जमिनीवर बसले, म्हणजे माझं तोंड आत्तीच्या तोंडाच्या खाली आलं.

"आत्ती. भात म्हणजे कोंबड्यांच्या घाणीतला. होय ना? पांढरी शितं. वळवळणारी."

ती हलली नाही. मला वाटलं ऐकलं नाही.

"त्या शेवयांसारख्या किड्यांचं औषध उपयोगाचं नाही, हे तुम्ही सांगत होता. होय ना, आत्ती?"

तिनं मान वळवली. तिचा डावा हात वाकळेवरनं उठला आणि माझ्या तोंडावर आला. थप्पड मारते की काय, असं वाटलं. पण तिनं माझा गाल, नाक, कपाळ चाचपलं, आंधळं माणूस चाचपतं तसं.

"व्हय," ती म्हणाली.

तो शब्द झटक्यानंतर तिच्या तोंडातनं कधी आला नव्हता. "व्हय. व्हय. व्हय." पन्नास वेळा तरी म्हणाली असेल. मग मी दूध-भाकरी आणली आणि तिनं खाल्ली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी गोळ्या दिल्या. नऊ उरल्या होत्या, त्यातला एक कोंबडा. मी तांदळाचा तराजू सोप्यात आणला, प्रत्येकीला डालग्यात घालून तोलली, गोळीचे तुकडे केले. मला एकटीला धरायला आणि भरवायला जमेना. आत्तीनं डावा हात पसरला. मी कोंबडी तिच्या काखेत दिली. तिनं ती कोपरानं अंगाशी अशी दाबली की कोंबडी फडफडलीच नाही, आणि बोटांनी चोचीच्या कडा दाबून तोंड उघडलं. नऊच्या नऊ. एकीनं गोळी थुंकली तेव्हा आत्तीनं माझ्याकडं रागानं बघितलं आणि पुन्हा द्यायला लावली. शेवटचा कोंबडा सोडल्यावर ती घामानं ओली झाली होती आणि तिचं तोंड एका बाजूला हसत होतं, जी बाजू हसू शकत होती.

तीन तरीही गेल्या. फार खंगल्या होत्या. सहा जगल्या. पंधरा दिवसांनी दुसरा तुकडा दिला. दिवाळीच्या आत तुऱ्यांवर रंग आला आणि लंगडीनं पहिलं अंडं घातलं. ते खायचं नव्हतं, तरी मी आत्तीच्या तळहातावर ठेवलं. ती ते धरून बराच वेळ बसली. रोज सकाळी मी तिला खुराड्यातली घाण केराच्या सुपलीत आणून दाखवायचे. ती वाकून बघायची आणि "नाही" म्हणायची. म्हणजे शितं नाहीत. ते आमचं रोजचं बोलणं झालं. तीन वर्षांत आम्ही इतकं बोललो नव्हतो.

कार्तिकात तिला दुसरा झटका आला.

या वेळी डावा हातही सैल पडला, बोटं तेवढी हलायची. दवाखान्यातनं चार दिवसांनी घरी न्या म्हणून सांगितलं. घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी ती बोलली. 'भात' नाही, 'व्हय' नाही, 'नाही'सुद्धा नाही.

"सुई," ती म्हणाली.

"सुई?"

"सुई."

हे तिथंच होते. म्हणाले, "डोकं गेलंय तिचं. तू मनावर घेऊ नको."

मी घेतलं. शिवणाचा डबा आणून सगळ्या सुया तिच्यापुढं ठेवल्या. एक दोरा ओवून बोटांत दिली, ती गळून पडली. दवाखान्यात टोचलेल्या जागा बघितल्या, सूज नव्हती. डॉक्टरांना बोलावून आणलं, त्यांनी तपासलं आणि म्हणाले, दुखतंय असं वाटत नाही. तिचं अंग पुसताना मी तळपायापासून मानेपर्यंत बघितलं, कुठं काटा आहे, काही रुतलंय. वाकळ उसवून झटकली, उशीतला कापूस काढून चाचपला. तिच्या लुगड्यांच्या घड्या उलगडल्या. कोंबड्यांकडं बघून म्हणते का बघावं म्हणून एकेकीला उचलून आणलं, पाय तपासले, डोळे तपासले, चोची तपासल्या. मला आठवत होतं की तिचे शब्द खरे असतात. आणि तिचे शब्द चुकीचेही असतात, पाण्याला चूल म्हणण्याइतके. यातलं हे कुठलं, हे मला कोण सांगणार होतं?

वन्सं आल्या, तिची मुलगी. त्यांना विचारलं, "वन्सं, आत्तींचं सुईचं काही आहे का? लहानपणचं, माहेरचं?"

त्यांनी खूप आठवून बघितलं. "न्हाई गं. आई तर शिवायचीसुद्धा न्हाई, वाकळंसुद्धा दुसरीकडनं शिवून घ्यायची."

आठ दिवस ती म्हणत होती. पहिल्यांदा मोठ्यानं, मग ओठांतल्या ओठांत. म्हणायची आणि माझ्याकडं बघायची, वाट बघायची. आमच्या घरात सगळे होते, पण ती माझ्याचकडं बघायची. तिला माहीत होतं की मला कळतं.

नवव्या दिवशी दुपारी मी तिच्या ओठांना ओलं फडकं लावत होते. श्वास मोठा मोठा चालला होता. तिनं डोळे उघडले.

"सुई."

आवाज जेमतेम होता. मी फडकं बाजूला ठेवलं आणि तिचा हात हातात घेतला.

"कळलं, आत्ती," मी म्हणाले. "आत्ता कळलं मला. मी करते. बरोब्बर करते, तुम्ही काळजी करू नका."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या. तिच्या बोटांनी माझं बोट दाबलं, तिला जमलं तेवढं, आणि तिनं डोळे मिटले. सांजेला ती गेली.

मला काहीही कळलं नव्हतं.